येझदीच्या सीटची पट्टी आणि तिचे बोल्ट

माझ्या जुन्या येझदी मोटरसायकलच्या सीटला खालच्या कडेने ॲल्युमिनियमची पट्टी आहे. रेक्झिनची कड झाकायची, एवढंच तिचं काम. तिला धरणारे बोल्ट बाहेरून दिसत नाहीत. चपटं डोकं पट्टीच्या आतल्या खाचेत, आटे सीटच्या पत्र्यातून आत आणि तिथे नट. माझ्या गाडीचे बरेच बोल्ट गळाले होते आणि डावीकडची पट्टी लोंबायला लागली होती.

मैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. केबल, सायलेन्सर नवे बनवून विकणारे आजही आहेत, पण असल्या बारीकसारीक बोल्टांच्या वाटेला कोण जाणार? पुण्याच्या नाना पेठेत दुकानदार म्हणाला, "साहेब, रिबीट मारून टाका." काम झटपट होतं, मान्य. पण पुढे रेक्झिन बदलायचं झालं की ती ड्रिलने उडवा, आणि चकचकीत पट्टीवर ती डोकी मुरमांसारखी दिसतात. मला नको होतं.

जुने नट गंजून बोल्टाशी एकजीव झालेले. पाना लावला की अख्खा बोल्टच खाचेत फिरायचा. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवल्यावर काही सुटले, उरलेले हॅकसॉच्या पात्याने उभे कापले. वेळ गेला, पण ग्राइंडर लावला नाही. ठिणगी फोमवर पडली तर सीटच गेली. खाचेत पांढरी पूड साचली होती. लोखंड आणि ॲल्युमिनियम चिकटून असले आणि त्यात पावसाचं पाणी गेलं, की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बोहरी आळीतून स्टेनलेसचे 4 मिमीचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज ढिले न होणारे) आणि रुंद वायसर आणले. षटकोनी डोकं खाचेत बसेना. मग समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने खाचेच्या मापाला आणल्या, वरूनही थोडं उतरवलं. घासताना आटे थेट व्हाइसमध्ये धरले तर चेपतात. बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून ते नट धरायचे. स्टेनलेस चिवट, बोटं दुखून येतात. पण सपाट बाजूंमुळे डोकं आता खाचेत फिरत नाही, हा खरा फायदा. स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियमला सोडत नाही, म्हणून प्रत्येक डोक्याला ग्रीस फासलं.

बसवताना सगळे बोल्ट आधी पट्टीत सरकवून भोकांसमोर आणले. पुढच्या वळणापासून सुरुवात केली आणि नट नुसते हातापुरते ठेवले. पट्टी दोन्हीकडे सारखी बसल्यावरच आवळले, तेही बेताने. जास्त ताकद लावली तर खाचेच्या कडा उघडतात. पत्र्यातली भोकं गंजून मोठी झाली होती, तिथे रुंद वायसर कामी आले.

मुळशीपर्यंत गाडी पळवून आणली आणि सीट काढून पाहिली. टू-स्ट्रोकच्या थरथरीत साधा नट ढिला झाला असता, नायलॉक जागचे हलले नव्हते. कुशनवाल्याने रेक्झिनला मारलेल्या पिना मात्र गंजायला लागल्यात. त्यांचं दिवाळीनंतर बघू.