बरणीतला खाऊ : रावळगाव झालं, आता बॉबी

रावळगावच्या गोळ्यांचं चित्र एकदाचं हातावेगळं झालं. ए५ आकार, ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद, गोवाश म्हणजे पाण्यात कालवायचे अपारदर्शक रंग. लहानपणच्या खाऊच्या चित्रांच्या या मालिकेत रावळगाव हवंच होतं. पाहुणे आले की हातावर पडायची ती हीच गोळी. शिवाय कारखाना मालेगावजवळ असला, तरी तो उभारणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ साली इथेच जन्मलेले. २०२४ मध्ये हा ब्रँड २७ कोटींना रिलायन्सकडे गेला, तेव्हाच हे चित्र डोक्यात बसलं होतं.

सगळा जीव खाल्ला तो कागदाच्या पिळाने. लहानपणी नाव कोण वाचत होतं? दोन टोकं ओढायची की गोळी तोंडात. म्हणून अक्षरं मुद्दाम घडीत अर्धी बुडवली आणि मेहनत पिळावर घेतली. घडीवरची चमक त्रिकोणी पडते, कडा धारदार. गोवाशवर ओला ब्रश दोनदा फिरवला की खालचा रंग उठून वर येतो, त्यामुळे चमक एका फटक्यात ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. ट्यूबमधला नुसता पांढरा खडूसारखा दिसतो. कणभर लेमन यलो मिसळला की जिवंत होतो.

आता बॉबी. पाची बोटांत घालून कुरतडायच्या त्या पिवळ्या नळ्या, इथल्या होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या. पिवळ्याच्या सावलीत काळा घातला की शेवाळं होतं, म्हणून जांभळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी वापरतेय. अमेरिकेचा चित्रकार वेन टीबो १९६०च्या दशकात केक आणि ‘पाय’ (pie) हा बेकरीतला पदार्थ रंगवायचा, बरेचसे आठवणीतूनच, आणि सावल्या निळ्या ठेवायचा. तशी निळी सावली करून पाहिली. बेकरीच्या काचेआड ती शोभते. जत्रेतल्या पिवळ्या बल्बखाली अजिबात नाही.

रंग इथल्या उन्हात पॅलेटवरच वाळतात, ते वेगळंच. पाण्याचा फवारा जवळ ठेवा.

पुढचा नंबर पार्ले-जीच्या मेणकागदी पुड्याचा. आताचं प्लास्टिक चकाकतं. मेणकागद दुधाळ दिसायचा आणि दुमडला की मेण तडकून पांढरी रेघ उमटायची. कुणाच्या माळ्यावर जुना पुडा असेल तर खिडकीशी ठेवून, फ्लॅश न मारता फोटो पाठवा. समोरची बाजू नको, तिचे फोटो पुष्कळ आहेत. कागद दुमडून चिकटवलेलं टोक हवंय.