ओट्याचा दगड

आज दुपारभर ग्रॅनाइटच्या गोदामात होतो, मी आणि सासूबाई. स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि ओटा काही ठरत नव्हता.

मला पांढरा क्वार्ट्झ हवा होता. दिसतो फार देखणा! पण त्यात रेझिन, म्हणजे दगडाचा चुरा धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य असतं, तापलेली कढई थेट टेकवली की डाग पडू शकतो. आमच्याकडे तर कढई ओट्यावरच उतरते. संगमरवर लिंबू-चिंचेनं खराब होतो, तो आधीच बाद.

आईंनी बाटलीतलं पाणी प्रत्येक नमुन्यावर ओतलं आणि दहा मिनिटं थांबल्या. एक करडा दगड ओला राहून गडद झाला. "हा तेलही पिणार," म्हणाल्या. काळ्या ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइटवर पाणी तसंच थेंबाथेंबानं उभं. तोच घेतला, कडेला हाफ राउंड, म्हणजे अर्धगोल घडण. उंची 34 इंच, म्हणजे आता त्यांना वाकावं लागणार नाही. याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

जुना कडप्पा उद्या निघेल. शेगडीशेजारी, जिथे आईंनी 27 वर्षं लिंबं चिरली, तिथे फिकट गोल डाग आहे. तेवढा तुकडा कापून तुळशीखाली बसवायला मिस्त्रींना सांगितलंय.