रेकॉर्ड संपल्याचं यंत्राला कसं कळतं

काकूंचा फोन आला तेव्हा मी तपकीर गल्लीत एका ॲम्प्लिफायरसाठी कपॅसिटर शोधत होतो. "रेडिओग्राम वाजतो हो, पण रेकॉर्ड संपली तरी थांबत नाही. पिन आत जाऊन नुसती फिरत बसते." हातानं उचला, पुढच्या आठवड्यात येतो, असं मी सांगितलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "इतकी वर्षं हेच उचलायचे. आता ह्यांचं खुब्याचं हाड मोडलंय, अंथरुणाला खिळलेत. माझे गुडघे हे असे. दर तीन मिनिटांनी कोण उठणार?"

दुपारीच सदाशिव पेठ गाठली.

काकांची कॉट रेडिओग्रामला लागूनच होती. सागवानी पेटी, डावीकडे रेडिओची काच, उजवीकडे झाकण. झाकण उचललं आणि मनापासून आनंद झाला. आत गॅरार्डचा ऑटोचेंजर होता, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणारं यंत्र, मिनिटाला १६, ३३, ४५, ७८ फेऱ्या अशा चारही स्पीडचं. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या या कारखान्याचं मूळ लंडनच्या एका सराफी पेढीत आहे. १९१५ साली युद्धाच्या धामधुमीत या पेढीनं तोफखान्यासाठी अंतर मोजण्याच्या उपकरणांचे भाग करायला कंपनी काढली. ग्रामोफोनची कामं नंतर आली. प्लॅटरखालचं, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकडीखालचं, मोठं दाता-चाक पाहिलं की ते मूळ पटतं. सोनाराचा हात आहे तो.

आज अनेकांनी असं यंत्र चालताना पाहिलेलंही नसतं, म्हणून सांगतो. मधला दांडा सरळ नसतो, वरच्या बाजूला वाकलेला असतो आणि वाकणावर एक पायरी असते. सात-आठ रेकॉर्डींची चळत त्या पायरीवर टेकते, वरून एक आडवा हात तिला सावरून धरतो. बटण दाबलं की दांड्यातला बारीक पत्रा सगळ्यात खालची रेकॉर्ड, फक्त तेवढी एकच, पायरीवरून पुढे सरकवतो. ती घसरत खाली येते. पडताना बाजूच्या एका बोटाला तिची कड लागली तर बारा इंची, नाही लागली तर दहा इंची; त्याप्रमाणे पिन धरणारा आर्म कुठे उतरायचा ते ठरतं. ही सगळी हालचाल चालू असताना एक छोटा स्विच पिकअपचा आवाज बंद ठेवतो, त्यामुळे स्पीकरमधून खडखड येत नाही. शेवटची रेकॉर्ड पडली की वरचा हात खाली येतो, आणि ती वाजून झाल्यावर मोटार आपोआप बंद. यात इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. सगळं एका मोटारीवर, एका रबरी चाकीवर आणि त्या दाता-चाकाच्या एका फेरीत होतं.

पण रेकॉर्ड संपली हे त्याला कळतं कसं? मला विचाराल तर या यंत्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. रेकॉर्ड वाजत असताना आर्म दर फेरीला जेमतेम पाव मिलिमीटर आत सरकतो. आर्मच्या तळाशी एक हलकी पट्टी असते, ती तेवढीच एका खिटीला पुढे ढकलते. प्लॅटरच्या मध्याला खालून एक उंचवटा असतो. तो दर फेरीला त्या खिटीला टिचकी मारून मागे सारतो. ७८च्या वेगानं सेकंदाच्या आतच एक टिचकी. पुढे, मागे, पुढे, मागे, गाणं संपेपर्यंत. गाण्यानंतर लेबलाकडे नेणाऱ्या शेवटच्या रुंद घळीत मात्र पिन एका फेरीत कित्येक मिलिमीटर आत धावते. तेव्हा खिटी इतकी पुढे येते की टिचकीनं मागे जात नाही, उंचवट्यातच अडकते. त्या हिसक्यानं दाता-चाक हलतं आणि रेकॉर्ड बदलण्याची फेरी सुरू होते.

म्हणजे सगळा भार त्या खिटीच्या सैलपणावर. ती फुंकरीनं हलायला हवी.

चेंजर स्प्रिंगांवर तरंगतो. तो उचलून खालून बघायचा तर टेकू लागतो. काकूंनी सारख्या उंचीचे चार स्टीलचे डबे काढून दिले, डाळी-तांदळासकट. सर्क्लिप काढून प्लॅटर उचलला आणि कारण समोर दिसलं. पूर्वी कुणा कारागिरानं खिटीच्या खिळ्यावर भरपूर ग्रीस थापलं होतं. हेतू चांगलाच असणार. पण ते वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं, बोटानं दाबली तरी खिटी हलेना. या कामात तेल कुठे घालायचं यापेक्षा कुठे घालायचं नाही हे आधी शिकावं लागतं. दाता-चाकाला ग्रीस हवं, मोटारीच्या बुशला दोन थेंब तेल हवं, खिटी मात्र कोरडी.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घेऊन बसलो. तपकिरी राप सुटायला तास गेला. शेवटी खिटी नखाच्या टोकानं उचलून सोडली, तर आपल्याच वजनानं खाली पडली. त्या क्षणासाठी मी हे काम करतो.

काका डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं वाटलं. प्लॅटर बसवून मी फेरी सुरू केली तसे म्हणाले, "आधी टक्, मग धप्प, मग खर्र यायचं. खर्र नाही आलं." बरोबर होतं. आर्मची परत येण्याची पट्टीही जड झाली होती. ती साफ केली, खर्र आलं. हिराबाईंची एक रेकॉर्ड लावली. पिन उतरली, आवाज आला, आणि काका लगेच, "पहिला शब्द खाल्ला." पिन चार-पाच मिलिमीटर आत उतरत होती. आर्मच्या बुंध्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. पुन्हा लावली. या वेळी काका काही बोलले नाहीत.

चेंजर रेकॉर्डींची नासाडी करतो, असं संग्राहक म्हणतात. एलपीच्या, म्हणजे ३३ स्पीडच्या रेकॉर्डींच्या, बाबतीत मीही तेच सांगतो. एकीवर एक घासतात, आणि पिनेवर आठ-दहा ग्रॅमचा भार टाकणारा आर्म त्यांना जड होतो. पण त्या खोलीत हा प्रश्न मला पडला नाही. एवढं केलं, की प्रत्येक ७८च्या मधल्या भोकात बोट घालून पाहिलं. झिजून मोठं झालेलं भोक पायरीवर नीट टेकत नाही, दोन रेकॉर्डी एकदम पडतात, आणि लाखेची रेकॉर्ड काचेसारखी फुटते. अशा अकरा निघाल्या, त्या वेगळ्या ठेवल्या.

मग सात रेकॉर्डींची चळत चढवली आणि तिघंही बसून राहिलो. पहिली संपली. टक्, धप्प, खर्र. दुसरी पडली. काकू पदराला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या. चौथीपर्यंत सुरळीत चाललं. पाचवीला पिन शेवटाला गेली आणि तिथंच फिरत राहिली. माझ्या पोटात गोळा आला. हात पुढे करणार तोच काका म्हणाले, "यंत्राला बोल लावू नका. ती आईची. तिला शेवटची घळच नाही."

उजेडात धरून पाहिली. खरंच, गाण्याच्या रेषा जिथं संपतात तिथून लेबलापर्यंत सपाट काळा पट्टा. १९२०च्या दशकापर्यंतच्या अनेक रेकॉर्डी अशाच आहेत. त्या निघाल्या तेव्हा पिन उचलायला समोर माणूस असायचाच. खिटीला कळावं असं तिच्यात काहीच नाही.

मी ती चळतीतून बाजूला काढायला सांगितली, नाहीतर पुढच्या सगळ्या अडकतील. काकूंनी ती माझ्या हातातून घेतली, कव्हरात घातली आणि रेडिओग्रामवर वेगळी उभी केली.

"असू दे," त्या म्हणाल्या, "हिच्यापुरती मी उठेन."