"बाईसाहेबांनाच विचारा"

ऑक्टोबर आला की न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी पानांचे रंग बघायला उत्तरेकडे पळतात. आम्हीही मॅसॅच्युसेट्समधल्या बर्कशायरला गेलो. डोंगर सुंदरच, पण पार्किंग आणि कॉफीच्या रांगा यांवर लिहायला लागले तर थांबणार नाही.

त्यापेक्षा तिथल्या शेफील्ड गावातलं ॲशली हाउस सांगते. या घरात 1773 साली कर्नल जॉन ॲशली आणि गावातल्या बड्या मंडळींनी ठराव लिहिला: सगळी माणसं समान, स्वतंत्र वगैरे. त्याच घरात बेट नावाची एक काळी बाई गुलाम म्हणून राबत होती!

मी रेंगाळले चुलीपाशी. ॲशलीबाईंनी चुलीतलं तापलेलं फावडं घरातल्या लिझी या दुसऱ्या गुलामावर उगारलं (कुणी तिला बेटची बहीण म्हणतं, कुणी मुलगी). बेटनं हात मध्ये घातला. घाव खोल गेला. पुढे तिनं तो कधी झाकला नाही. मालकिणीसमोर कुणी "अगं, हाताला काय झालं?" म्हटलं, की हिचं उत्तर ठरलेलं: "बाईसाहेबांनाच विचारा." इतकं सभ्य आणि इतकं झोंबणारं बोलणं मी तरी ऐकलेलं नाही.

1780 च्या मॅसॅच्युसेट्स राज्यघटनेत लिहिलं होतं की सगळे जन्मतः मुक्त आणि समान आहेत. बेटला अक्षरओळख नव्हती, पण कान होते. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. ब्रॉम नावाच्या गुलामासह तिनं ॲशलींना कोर्टात खेचलं आणि ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या ज्यूरीनं दोघांना मुक्त ठरवलं, वर 30 शिलिंग भरपाई. ॲशलींनी मग पगार देऊन परत बोलावलं. ती गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेऊन तिनं सेजविकांकडे पगारी काम केलं आणि पुढे स्वतःचं घर घेतलं.

स्टॉकब्रिजला तिची कबर सेजविक कुटुंबाच्याच, वर्तुळात मांडलेल्या कबरींमध्ये आहे. दगडावर काय लिहिलंय? वेळ वाया घालवला नाही, विश्वासघात केला नाही, कर्तव्यात चुकली नाही, अडीअडचणीला सर्वांत कामाची. जन्मानं गुलाम होती हेही आहे. सुटली कशी, त्याबद्दल अक्षर नाही!

नवरा म्हणाला, "अगं, घरच्या माणसांत जागा दिलीय, कमी मान आहे का?" मान आहे, मान्य. पण तो चांगल्या मोलकरणीचा मान. एवढं स्तुतिपुराण मावलं, तिथं 1781 हे चार आकडे मावले नसते? गाडीत बसेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.