हत्तीचा खांब

जुलैतला रविवार. चार दिवस पाऊस थांबला नव्हता, नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या भिंतींना ओल आलेली. संध्याकाळी सहाला वाशीतल्या एका शाळेच्या सभागृहात आमचा कार्यक्रम, दुपारी दोनला टेंपो यायचा होता, आणि मी सकाळी साडेनऊला डबल बेसच्या, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातल्या सगळ्यात थोरल्या वाद्याच्या, तारा बदलायला बसलो. हे कुठून सुचलं विचारू नका. परदेशातून मागवलेला संच आदल्या संध्याकाळी हातात पडला होता आणि नवी तार दिसली की मला दम धरवत नाही.

मी डबल बेस वाजवतो आणि शिकवतो. असं सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे ऑर्केस्ट्रात का?’ हो म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘मग किशोरची गाणी कोण म्हणतं?’ त्यांचंही चुकत नाही. मी मुळात तसल्याच ऑर्केस्ट्रातला, गणपतीच्या मांडवात बेस गिटार वाजवणारा. वांद्र्याच्या एका गोवेकर सरांकडे बेस गिटारचेच धडे घ्यायला गेलो, तर त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात हे सहा फुटी धूड उभं होतं. सरांची हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेली होती. कीबोर्ड आले, डझनावारी व्हायोलिनं घरी बसली, त्यांच्याबरोबर सरही. त्यांनी मला सिमांडलचं डबल बेस शिकायचं पुस्तक उघडून दिलं आणि सांगितलं, पहिलं बोट, दुसरं बोट, चौथं बोट. तिसरं चौथ्याच्या मदतीला. कारण साधं आहे. या वाद्याच्या तारेची लांबी एकशेपाच सेंटीमीटरच्या आसपास. मानेच्या वरच्या टोकाला एका अर्धस्वरासाठी हात सहा सेंटीमीटर सरकवावा लागतो. व्हायोलिनवर तेच काम दोन सेंटीमीटरच्या आत होतं. पहिली दोन वर्षं माझी करंगळी रोज सुजायची.

2006 साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तेव्हापासून जमेल तेव्हा तिकीट काढून मी बेसवाल्यांची बोटं दिसतील अशी जागा धरतो. पण पोट भरतं ते शिकवण्यांवर, त्यातही गिटारच्या. डबल बेस शिकणारी सध्या एकच, कळव्याची नववीतली मुलगी. तिच्या बाबांनी पहिल्या दिवशी ‘यात स्कोप काय?’ विचारलं तेव्हा मी जगभरचे वाद्यवृंद चालवणाऱ्या झुबिन मेहतांचं नाव पुढे केलं. व्हिएन्नात ते कंडक्टिंगबरोबर, म्हणजे वाद्यवृंद चालवण्याबरोबर, डबल बेसही शिकले, हे खरंच आहे. त्यांच्या बाबतीत स्कोप कशात निघाला, ते मी सांगितलं नाही.

तर तारा. मी गादी अंथरून बेस आडवा केला. मुलगी शेजारी मांडी घालून बसली होती. तिला मी पहिल्या महिन्यात घोकून घेतलेला नियम असा: तार एका वेळी एकच काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मग दुसरीला हात लावायचा. चारही एकदम सैल करायच्या नाहीत. कारण पोटात एक खुंटी असते, साउंड पोस्ट. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, एका पायाच्या जरा मागे, वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये उभी. तिला खिळा नाही, सरस नाही. चार तारांचा मिळून शंभर किलोच्या वर ताण असतो; तो घोडीला खाली दाबतो आणि त्या दाबावर खुंटी उभी राहते. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला आत्मा म्हणतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वरची पाट किंचित उचलली जाते, खुंटी आधीच सैल असते.

हे सगळं मला पाठ. आणि मी बोलता बोलता ई तार सैल केली, ए सैल केली, डी, जी. जुन्या तारांवर राळेचा थर होता, तो नख लावून खरवडत होतो. घोडी कलंडली, ती मी हातात घेतली. मग आतून ‘टक’ असा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी गडगडत गेलं, डब्यात सुपारी हलवावी तसं.

मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती तारा पिळायच्या खुंट्या बघत होती.

“तुला दिसत होतं?” मी विचारलं.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सर ना.”

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. चूक माझी होती आणि बोलणी तिनं खाल्ली, एवढंच.

हे काम जाणणारे मुंबईत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोघांना फोन लावले. एक गावी, दुसऱ्याचा फोन बंद. शेवटी गल्लीच्या टोकाला पेट्या दुरुस्त करणारे काका राहतात, त्यांच्याकडे गेलो. दुकान बंद होतं, ते वर पोहे खात होते. म्हणाले, “अहो, भात्याचं काम सांगा, सुरांचं सांगा. हे धूड मी उघडलेलं नाही कधी.” तरी चपला घालून आले. आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, “खुंटी कसली, खांब आहे हा. माळवदाचा खांब पडलाय तुमच्या.”

मग दीड तास आम्ही तिघं गादीवर पालथे. आधी बेस दोघांनी उचलून उलटापालटा केला, खांब एफच्या आकाराच्या भोकापाशी आणला आणि काकांनी तारेच्या आकड्यानं बाहेर ओढला. त्याच्या दोन्ही टोकांना तिरका कापा होता, पाटीच्या उताराला बसेल असा. काकांनी पेन्सिलीनं त्यावर वरची बाजू नि पुढची बाजू अशा खुणा केल्या. मला हे सुचलं नसतं. खांबाला वर-खाली दोन सुतळ्या सरकगाठीनं बांधल्या आणि तो पुन्हा आत सोडला. एक सुतळी माझ्या हातात, दुसरी मुलीच्या. खालचा जमिनीला टेकायचा दांडा मी काढून ठेवला होता. त्या भोकाला डोळा लावला की पोटातलं सगळं दिसतं, बोगद्यातून पाहावं तसं. तिथे काका.

“पोरी, तू ओढ. सर, तुम्ही सोडा. सोडा म्हणतो ना! अजून सूतभर. आता डावीकडं पडतोय.”

चार वेळा पडला. पाचव्यांदा उभा राहिला आणि काकांनी वाकवलेल्या सळईनं त्याला टिचक्या मारत मारत जुन्या खुणेवर नेलं. मग मी घोडी तिच्या पायांच्या ठशांवर धरली, मुलीनं चारही तारा थोड्या थोड्या करत चढवल्या, सुतळ्या ओढून घेतल्या. काकांनी पैसे घेतले नाहीत. सगळ्यात जाड तार एकदा वाजवून दाखवा म्हणाले. ती ई, साधारण 41 हर्ट्‌झ. मी गज ओढला तेव्हा त्यांनी पाटीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

टेंपो दोनला आला. टेंपो म्हणजे छोटा हत्ती. संध्याकाळी मला वाजवायचा होता तोही हत्तीच, फ्रेंच संगीतकार सां-साँसच्या 1886 सालच्या ‘प्राण्यांचा मेळा’ या रचनेतला. त्यात त्यानं आधीच्या पिढीतल्या संगीतकार बर्लिओझच्या पऱ्यांचं हलकंफुलकं नृत्य उचलून बेसच्या तोंडी घातलंय. विनोद सगळा तिथे आहे. हंसाचा तुकडा सोडला तर जिवंतपणी त्यानं हा मेळा छापू दिला नाही. ताडपत्री दोरीनं आवळून ऐरोलीमार्गे निघालो. हौद्यात बेसला धरून मी, पुढे ड्रायव्हरशेजारी मुलगी, मांडीवर सुटी घोडी घेऊन बसावं तशी माझी गजाची पेटी घेऊन. दिघ्यापासून पाऊस इतका, की मी ताडपत्रीच्या आत शिरून बेसला मिठी मारून बसलो होतो. रस्ताभर आम्हा दोघांत एक शब्द नाही.

सभागृहात पन्नासेक माणसं. आमच्या वाद्यवृंदात बँकवाले, आयटीवाले, चर्चच्या क्वायरमधले दोघे. पहिले दोन तुकडे बरे गेले. मुलगी माझ्या शेजारी तिचा अर्ध्या मापाचा बेस घेऊन उभी होती. (माझाही पूर्ण मापाचा नाही बरं का. मोठी माणसं सर्रास वाजवतात ते वाद्य पाऊण मापाचं.) मग हत्तीची पाळी आली. मी पुढे झालो, पियानोवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवणार इतक्यात मागून आवाज आला. हळू नव्हता, पहिल्या तीन रांगांना ऐकू गेला असेल.

“सर, ए उतरलाय.”

लोक हसले. माझे कान तापले. नव्या तारा ताणत राहतात, दिवसभर उतरतात, हे मलाही माहीत होतं. आत येताना मी त्या लावूनही घेतल्या होत्या. ए तपासला, बरोबर होता. डी तपासला. डी चांगलाच खाली गेला होता.

“डी,” मी मागे न बघता म्हणालो.

“हां, डी,” ती म्हणाली.

डी चढवला. बाईंनी ठेका धरला.