नवा प्रॉग बँड? आधी सम शोधा

नवा प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रॉग, बँड कोणी सुचवला की बहुतेक जण चौथ्या मिनिटाला गळतात. गाणं २१ मिनिटांचं, गायकाचा पत्ता नाही, ठेका मध्येच लंगडल्यासारखा. मग बोट आपसूक पुढच्या गाण्यावर जातं. खरं तर ग्वाल्हेरच्या मराठी घरात लांबीचं भय असायला नको. तिलवाडा तालातला विलंबित ख्याल अर्धा तास चालला तरी कोणी घड्याळ बघत नाही, कारण सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे कानाला ठाऊक असतं. प्रॉगमध्ये घोडं अडतं ते इथेच. सम हाती लागेपर्यंत सगळा गोंगाट. लागली की बँड किती पाण्यात आहे तेही लवकर कळतं.

उदाहरणाला नॉर्वेचा वॉब्लर घेऊ. हॉनेफॉस गावचा, १९९९ पासूनचा, तरी आपल्याकडे फारसा कोणी ऐकलेला नाही, म्हणजे आपल्यापुरता नवाच. त्यांचा २०१७चा अल्बम ‘फ्रॉम सायलेन्स टू समव्हेअर’ म्हणजे फक्त चार गाणी, पाऊण तासाच्या किंचित वर. पहिलंच गाणं २१ मिनिटांचं.

ऐकायला बसण्याआधी फोनमधल्या तीन गोष्टी बघा. गाण्यांची सरमिसळ, म्हणजे शफल, बंद. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो आणि मुद्दाम ठेवलेली शांतता खाऊन टाकतो. आवाज सारखा करणारी सोय असेल तर ती ‘लाउड’वर ठेवू नका; त्यात हळू आणि जोरकस भागांतलं अंतर दाबलं जातं, आणि प्रॉगचा निम्मा जीव त्या अंतरात असतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मे महिन्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे कूलर. त्याची घरघर खालच्या पट्टीतली, म्हणजे नेमकी बेस गिटारच्या मुलुखातली. ती झाकायला आवाज वाढवला की पुढचा जोरकस भाग कानठळ्या बसवतो. कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा किंवा पहाटे ऐका. फोनच्या स्पीकरवर ऐकून बँडबद्दल मत बनवणं म्हणजे खिडकीबाहेरून मैफल ऐकून गवयाला नापास करणं.

आता मोजणी. रिफ म्हणजे गिटारचा किंवा बेसचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा. आपल्या भाषेत लेहरा. तबलजी कितीही फिरून आला तरी लेहरा सम सांगत राहतो, तसंच इथे. ड्रमर भरकटला की त्याच्या मागे धावू नका, बेस धरून ठेवा. मांडीवर हाताने एकसारखी टाळी द्या. पायाने नको, पाय आपोआप ड्रमच्या नादी लागतो. पहिलं आवर्तन टाळीवर सुरू झालं, दुसरं दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध आणि तिसरं पुन्हा टाळीवर, तर समजा की आवर्तनात अर्ध्या मात्रांची संख्या विषम आहे. मग टाळी दुप्पट वेगाने देऊन मोजा: पाच, सात की नऊ. वेग झेपत नसेल तर व्हिडिओचा वेग ०.७५ करा; सूर तोच राहतो, लय तेवढी उतरते.

सात आले की आपल्या माणसाची एक ठरलेली चूक होते. रूपक ताल अंगात मुरलेला असतो: तीं तीं ना, धी ना, धी ना. म्हणजे तीन-दोन-दोन. रॉकमधले सात बरेचदा चार-तीन किंवा दोन-दोन-तीन असे पडतात. त्यावर रूपक बसवायला गेलं की वजन भलत्याच जागी येतं आणि वाटतं, ड्रमरच चुकला. शिवाय रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, तर इथे बहुधा पहिल्याच मात्रेवर किक ड्रमचा ठोसा. सरावाला पिंक फ्लॉइडचं १९७३चं ‘मनी’ चांगलं: मूळ चाल सातांची, पण गिटारचा एकल भाग येतो तेव्हा ठेका सरळ चारावर जातो. तो बदल न बघता पकडता आला की पाया पक्का झाला म्हणायचं. टूल या बँडच्या ‘स्किझम’मध्ये मुख्य रिफ पाच आणि सात अशी आलटून पालटून येते. बेरीज बारा, म्हणून कोणी एकताल लावेल; पण एकतालाचे दोन-दोनचे सहा विभाग तिथे बसत नाहीत.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे दोन वाद्यांची दोन वेगळी आवर्तनं. गिटार सातांत, ड्रम आठांत. दोघांची भेट ५६व्या ठोक्यानंतर, म्हणजे गिटारची आठ आवर्तनं आणि ड्रमची सात झाल्यावर. ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयात तबला शिकणाऱ्या पोराला यात नवल वाटणार नाही. मात्र या हिशोबाची खरी परीक्षा भेटीच्या क्षणी होते. तिथे काही घडतं का? चाल बदलते, आवाज उघडतो, सूर वर चढतो? की नुसतंच पुढचं गणित सुरू होतं? गणितासाठी गणित करणारे बँड रगड आहेत, विशेषतः मेटलवाले. गाणं संपल्यावर एकही ओळ गुणगुणता येत नसेल तर खुशाल पुढे जा.

वॉब्लरचं वैशिष्ट्य वाद्यांच्या रंगात आहे. त्यात मेलोट्रॉन ओळखायला शिका. व्हायोलिन किंवा वृंदगानासारखा, पण जरासा थरथरता, जुन्या रेडिओतून आल्यासारखा तो सूर. पेटीसारख्या पट्ट्यांच्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित टेपचा एक तुकडा असतो. बोट दाबलं की टेप ती वाचणाऱ्या हेडवरून ओढली जाते, सुमारे आठ सेकंदांत संपते आणि बोट उचललं की स्प्रिंगने मागे येते. म्हणून खऱ्या मेलोट्रॉनवर एकच सूर मिनिटभर धरता येत नाही. वादकाला स्वरावली अशी रचावी लागते की बोटं आळीपाळीने सुटतील. नव्या बँडमध्ये तोच आवाज १५–२० सेकंद अखंड ऐकू आला तर ती बहुतेक संगणकातली नक्कल. नक्कल वाईट असते असं नाही, पण त्या आठ सेकंदांच्या सक्तीतून येणारा श्वास तिच्यात नसतो.

लांब गाण्याचा नकाशा एकदा कागदावर काढावा, निदान पहिल्या बँडपुरता. कुठल्या मिनिटाला वेग बदलला, गायक कधी आला, कुठली चाल परतली, एवढंच. येस या बँडचं १९७२चं ‘क्लोज टू द एज’ यासाठी आदर्श आहे: चार भाग, तिसऱ्यात लय उतरते आणि चर्चचा ऑर्गन गरजतो, आरंभीचा पक्ष्यांचा आवाज शेवटी परत येतो. तेव्हाच्या इतक्या गाण्यांची लांबी वीस मिनिटांच्या आसपास का, याचं कारणही साधं आहे: एलपी तबकडीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं मावत. आज ती अडचण नाही, तरी माप टिकून आहे.

पुढचा बँड शोधताना ॲपच्या शिफारशींवर फार विसंबू नका. त्या एका छापाचे दहा बँड पुढे करतात. त्यापेक्षा घराणं बघतो तसं श्रेयनामावली बघा. गॅव्हिन हॅरिसन हा एकच ड्रमर तुम्हाला पॉर्क्युपाइन ट्री, किंग क्रिमसन आणि द पाइनॲपल थीफ अशा तीन वेगळ्या बँडांच्या घरी नेतो. पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने किंग क्रिमसन, येस आणि जेथ्रो टलच्या जुन्या ध्वनिफितींचं नव्याने मिश्रण केलंय, म्हणजे तो धागा पुन्हा मागे नेतो. हिंदीत ऐकायचं असेल तर मुंबईच्या कोशिश बँडचा २०१३चा अल्बम ‘फिरदौस’ आहे.

आवडलेला अल्बम बँडकँप या परदेशी संकेतस्थळावर विकत घ्यावा. डिजिटल विक्रीत कंपनी १५ टक्के ठेवते. पैसे अडकले तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा, बहुतेक कार्डांवर ते बंदच असतात. फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या प्रकारात, उतरवा. सीडीच्या दर्जाला मिनिटामागे साधारण सहा एमबी धरा, म्हणजे वॉब्लरचा हा अल्बम २८० एमबीच्या आसपास. २४ बिटवाली फाइल याच्या तिपटीहून मोठी होऊ शकते, आणि ब्लूटूथवरून ऐकणार असाल तर ती जागा फुकट जाते.