तेरा डॉलरचं तिकीट आणि फ्लुमिनेन्सेची गॅलरी

८ जुलै २०२५ ला न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियमवर फुटबॉलच्या क्लब विश्वचषकाचा उपांत्य सामना पाहिला. इंग्लंडचा चेल्सी २, ब्राझीलचा फ्लुमिनेन्से ०. २०२६ च्या उन्हाळ्यात याच मैदानावर देशांच्या विश्वचषकाचे आठ सामने आहेत, १९ जुलैचा अंतिम सामनाही इथंच. एडिसन-आयसेलिन भागात मुलं, भावंडं राहतात म्हणून तेव्हा तिकडे जाणारी मराठी माणसं बरीच असतील. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा आमच्या गावच्या फुटबॉल संघांचा सामना असेल त्या दिवशी आमच्या पेठेत दुसरा विषय नसायचा. ताई आणि दाजी आयसेलिनला असतात, जुलैत त्यांच्याकडे होतो. माझा जीव ब्राझीलवर. स्पर्धेतले चारही ब्राझिलियन क्लब बाद फेरीत गेले आणि त्यातला शेवटपर्यंत टिकलेला फ्लुमिनेन्से ताईच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर खेळायला येतोय म्हटल्यावर घरात बसणं शक्यच नव्हतं.

आधी तिकिटाचं. इथं तिकिटाचा दर मागणीप्रमाणे वरखाली होतो. या सामन्याचं सर्वांत स्वस्त तिकीट आधी ४७३.९० डॉलर होतं. दोन्ही संघ ४ जुलैला ठरले आणि त्यानंतर तोच दर १३.४० डॉलरवर उतरला! दाजींनी तीन तिकिटं काढली: ते, मी आणि भाचा. पण यावरून देशांच्या विश्वचषकाचा अंदाज बांधू नका. तिकडे शेवटच्या दिवसाची वाट बघत बसणं मला धोक्याचं वाटतं. तिकीट कागदावर मिळत नाही, मोबाइलच्या अ‍ॅपमध्येच असतं. घरातल्या सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका, ज्याचं त्याच्या फोनवर आदल्या रात्रीच पाठवून ठेवा. आणि चार्जिंगची पॉवर बँक घ्याच. परतीच्या रांगेत माझा फोन बंद पडला आणि रेल्वेचं तिकीटही त्यातच होतं.

जायला गाडीपेक्षा रेल्वे बरी. आम्ही मेट्रोपार्क स्टेशनवरून निघालो, सिकॉकस जंक्शनला उतरलो आणि तिथून मेडोलँड्स या स्टेडियमजवळच्या स्टेशनची खास गाडी पकडली. ती फक्त कार्यक्रमाच्या दिवशी धावते आणि दहा-बारा मिनिटांत स्टेडियमच्या दारात नेऊन सोडते. तिकीट थेट मेडोलँड्सचं आणि जाऊन-येऊन असं काढा, सिकॉकसपर्यंतचं नको. गाडी बदलताना सिकॉकसला फाटकावर तिकीट दाखवावं लागतं, ते हाताशी ठेवा. न्यूयॉर्कहून येणाऱ्यांनाही सिकॉकसलाच गाडी बदलायची असते. विश्वचषकाच्या वेळी व्यवस्था आणि भाडं बदलू शकतं, तेव्हाची सूचना वाचूनच निघा.

पिशवी पारदर्शक हवी, नाहीतर दारातूनच परत पाठवतात. पाण्याच्या बाटलीचा नियम त्या-त्या सामन्याचा बघून घ्या.

ऊन मात्र गांभीर्याने घ्या. सामना दुपारी ३ वाजता, पारा ३५ अंशांच्या आसपास, आणि मेटलाइफला छप्पर नाही. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण वैशाखात भर दुपारी आपण सिमेंटच्या पायऱ्यांवर तीन तास बसत नाही. दाजींनी पूर्वेची जागा घेतली होती. समोरून ऊन थेट तोंडावर. पश्चिमेच्या बाजूला सावली आधी येते, दुपारच्या सामन्याला तिकडचीच जागा बघा. टोपी, सनस्क्रीन, आणि लहान मूल बरोबर असेल तर ओला पंचा. लवकर पोचलात तर शेजारच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये गारव्यात थांबता येतं, स्टेडियमकडे यायला पादचारी पूल आहे. खेळाडूंनाही दोन्ही हाफमध्ये पाण्यासाठी थांबवलं होतं.

आता ज्यासाठी गेलो ते. आमच्या भोवती सगळी फ्लुमिनेन्सेची माणसं होती: गडद लाल, हिरवा, पांढरा. ढोल सामन्याच्या तासभर आधी सुरू झाला. शेजारी नेवार्कला राहणारे एक ब्राझिलियन काका होते, मुलाला घेऊन आलेले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला पांढऱ्या पावडरीची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका सावळ्या खेळाडूला चेहऱ्याला पावडर लावतो म्हणून प्रतिस्पर्धी हिणवायचे, ‘तांदळाची पावडर’ म्हणून ओरडायचे. फ्लुमिनेन्सेवाल्यांनी तो शब्दच आपला केला आणि संघ मैदानात येताना पांढरी पावडर उधळायला लागले. मी त्यांना जोतिबाचा गुलाल सांगितला, फोनवर फोटो दाखवले. काका फोटो बघत राहिले, मग मुलाला बोलावून दाखवले. मेटलाइफवर पावडर उधळताना कोणी दिसलं नाही, पण आम्ही दोघं कशाबद्दल बोलतोय हे दोघांनाही पुरतं कळलं होतं.

युरोपात या स्पर्धेबद्दल कुरकुर होती: मोसम लांबला, खेळाडू थकले. खेळाडूंच्या थकव्याचं म्हणणं मला पटतं. पण ब्राझिलियन माणसासाठी हा सामना कसा असतो ते त्या गॅलरीत बसल्याशिवाय कळत नाही. फ्लुमिनेन्से २०२३ चा लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा) विजेता म्हणून इथं आला होता, चेल्सी २०२१ चा युरोप विजेता म्हणून. त्या चेल्सीच्या बचावात तेव्हा थियागो सिल्वा होता. या सामन्यात चाळिशीचा सिल्वा फ्लुमिनेन्सेकडून त्याच क्लबसमोर उभा. त्याच्यामागे गोलात फाबियो, वय ४४!

आणि गोल मारले कोणी, तर जुआव पेद्रोने. फ्लुमिनेन्सेच्याच अकादमीत घडलेला पोरगा, चेल्सीत येऊन आठवडाही झाला नव्हता. १८ व्या मिनिटाला पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून वळवलेला फटका, ५६ व्या मिनिटाला क्रॉसबारला लागून आत गेलेला दुसरा. दोन्ही वेळा त्याने जल्लोष केला नाही, हात जोडल्यासारखे वर केले. पहिल्या गोलनंतर आमची गॅलरी क्षणभर गप्प झाली, मग ढोल पुन्हा सुरू. फ्लुमिनेन्सेच्या एर्क्युलेसचा फटका चेल्सीच्या कुकुरेयाने गोलरेषेवरून काढला, फ्लुमिनेन्सेला मिळालेली पेनल्टी व्हिडिओ बघून रद्द झाली. तेव्हा सामना फिरला असता. काकांचं मत, दुसऱ्या गोलला फाबियोला काही करता येण्यासारखं नव्हतं. माझंही तेच.

शिट्टी झाल्यावर कोणी उठलं नाही. हरलेल्या संघासाठी ती माणसं उभ्याने गात होती. आम्हीही थांबलो, आणि थांबणं सोयीचंही ठरलं. सत्तर हजारांवर माणसं एकदम एकाच स्टेशनकडे निघतात. लगेच धावलात तर रांगेत उन्हात उभे राहाल. अर्धा तास जागेवर बसा, पाणी प्या, मग निघा.

वेळ असेल तर आदल्या दिवशी नेवार्कच्या फेरी स्ट्रीटवर जाऊन या. मेट्रोपार्कच्याच लाइनवर नेवार्क पेन स्टेशनला उतरायचं, तिथून चालत. पोर्तुगीज-ब्राझिलियन वस्ती आहे, खानावळी भरपूर. आम्ही काकांच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी गेलो. काळ्या घेवड्याचं आणि मांसाचं कालवण भाताबरोबर वाढलं होतं, भाच्याने दोनदा मागून घेतलं. दुकानाच्या काचेवर फ्लुमिनेन्सेचा झेंडा तसाच लावलेला होता.